पिंपळ कोणाच्या खात्यात?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावात एस.टी. स्टँडसमोर एक तीन मजली व्यापारी संकुल आहे. तळमजल्यावर चौदा गाळे. गेल्या वर्षापर्यंत त्यातले चालू तीन. एक झेरॉक्सवाला, एक मोबाइलची कव्हरं विकणारा आणि एक रसवंती, तीही फक्त उन्हाळ्यात. बाकीची शटरं गंजून कुलपासकट एकजीव झाली आहेत. जिन्यात लोक पहिल्या वळणापर्यंत जातात; कशासाठी ते वासावरून कळतं. आणि दुसऱ्या मजल्याच्या सज्जातून एक पिंपळ बाहेर आलाय. कावळ्याच्या विष्ठेतून बी पडलं, भेगेत रुजलं. दरवर्षी कोणीतरी त्याच्या फांद्या छाटतं, मूळ तसंच ठेवतं. मुळाला हात लावायचा तर सज्जा फोडावा लागतो, आणि शिवाय पिंपळ तोडायचं पाप कोणी आपल्या डोक्यावर घ्यायचं?

असली इमारत दिसली की आपण म्हणतो, “बेवारस पडलीय.” माझं या शब्दाशीच भांडण आहे. बेवारस इमारती फार थोड्या. बहुतेकींना वारस असतात, उलट जरा जास्तच असतात. मालक असतो, भाडेकरू असतात, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा असतो, कोर्टात तारीख असते. इमारत रिकामी राहते, कारण ती रिकामी ठेवणं कोणाला ना कोणाला परवडतं.

मुंबईतलंच उदाहरण घेऊ. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मूळचं वॉटसन हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला आणि जहाजानं मुंबईला आणून इथे जोडला गेला, एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात. ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ 7 जुलै 1896 रोजी इथेच झाला. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन त्याच वर्षी इथे उतरला होता आणि मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं मन लावून लिहिलं. हॉटेल बंद झालं, खोल्यांचे तुकडे पडले, लाकडी पार्टिशनं उभी राहिली. मग तिथे आले वकील, टायपिस्ट, छोटी छोटी ऑफिसं. कोर्ट समोरच, त्यामुळे जागा सोन्यासारखी.

पण या सोन्याचं भाडं किती? 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या जागांचं प्रमाणित भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवलं. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंही होतं. पुढे नवा कायदा झाला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आता हिशेब करा. महिना पन्नास रुपये भाडं असेल, तर पहिल्या वर्षी वाढ दोन रुपये. दोन रुपयांत सज्जाची डागडुजी होते का? मालक हात आखडता घेतो. भाडेकरू म्हणतो, इमारत माझी थोडीच आहे. पण खोलीही सोडत नाही, कारण सोडली तर पागडी गेली आणि उद्या पुनर्विकास झाला तर त्यातला गाळाही गेला. मग तो कुलूप लावून निघून जातो. फोर्टात, गिरगावात, काळबादेवीत अशी किती कुलपं लोंबकळत असतील! आतल्या टेबलावर कधीकाळचं कॅलेंडर आणि दारावर कॉलेजात गेलेल्या नातवाच्या आजोबांची पाटी.

एस्प्लनेड मॅन्शनच्या सज्जांचा काही भाग 2005 साली कोसळला. पुढच्या वर्षी जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. नाव आलं म्हणून टेकू मिळाला असं काही झालं नाही. 2019 मध्ये ती रिकामी करवली गेली. मग एका तज्ज्ञ अहवालानं पाडा म्हटलं, तर वारसा जपणारे म्हणाले की दुरुस्त होते. दोन्ही बाजूंचे लोक अभ्यासू. मला एवढंच दिसतं, की हा वाद करायची वेळ निदान तीस वर्षं आधीची होती.

आता कराचं बघा. आपल्याकडे महापालिका कायद्यात अशी सोय आहे, की इमारत रिकामी राहिली तर कळवायचं आणि मालमत्ता कराचा काही भाग परत मागायचा. भाडेकरू मिळाला नाही त्याच्यावर अन्याय नको, हा त्यामागचा विचार. ठीक आहे. पण अमेरिकेत वॉशिंग्टन शहरानं बरोबर उलटं केलं. तिथे बरीच वर्षं असा दर होता: चालू व्यापारी इमारतीला शंभर डॉलर किमतीमागे दोन डॉलरपेक्षा कमी कर, विनाकारण रिकामी ठेवली तर पाच डॉलर, आणि मोडकळीला येऊ दिली तर दहा. शंभराला दहा म्हणजे दहा वर्षांत इमारतीची अख्खी किंमत करात जाणार. असा कागद हातात पडला की मालकाला एकदम भाडेकरू आठवतात.

अर्थात मालकही काही कमी नसतात. स्कॉटलंडमध्ये पूर्वी छप्पर असलेल्या वास्तूवर कर लागे, तेव्हा लोकांनी मोठमोठ्या वाड्यांची छपरंच उतरवली. समुद्रकाठचा स्लेन्सचा किल्ला 1925 पासून असा बोडका उभा आहे. म्हणजे नुसता कर वाढवून भागत नाही; करातून सुटण्यासाठी लोक इमारतच मारून टाकतात.

इंग्लंडनं अलीकडे काढलेली वाट मला जास्त आवडली. 2 डिसेंबर 2024 पासून तिथल्या स्थानिक परिषदांना एक अधिकार मिळालाय. बाजारपेठेतलं दुकान दोन वर्षांत मिळून वर्षभराहून जास्त काळ रिकामं असेल, तर आधी मालकाला नोटीस, आणि तरीही तो हलला नाही तर परिषद स्वतः त्या जागेच्या भाडेपट्ट्याचा लिलाव करते. पट्टा एक ते पाच वर्षांचा. मालकी मालकाचीच, भाडंही त्यालाच, फक्त शटर बंद ठेवायची चैन गेली.

आपल्याकडे म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, त्याच्या कायद्यात 79-अ हे कलम आलंय. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या, धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासासाठी सहा महिने, तो काही करत नसेल तर भाडेकरूंना सहा महिने, नंतर म्हाडा. कल्पना चांगली. पण नोटिसा निघाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. शिवाय ही सगळी धावाधाव इमारत धोकादायक ठरल्यावरची. गाळा नुसता रिकामा आहे, अजून पडायला आलेला नाही, त्या टप्प्यावर विचारणारं कोणी नाही.

आणि विचारायला हवं. महालक्ष्मीची शक्ती मिल आठवा. गिरणी बंद पडली, जागा वर्षानुवर्षं कोर्टकज्ज्यात, झाडोरा माजला, भिंती पडल्या. शहराच्या मध्यावर, रेल्वे स्टेशनच्या हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट 2013 मध्ये तिथे एका तरुण पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, त्याची आठवण काढतानाही अंगावर काटा येतो. गुन्हा गुन्हेगारांचाच. पण ती जागा तशी राहू दिली होती, ती कोणी?

डेट्रॉइटची एक गोष्ट सांगतो. तिथलं मिशिगन सेंट्रल हे भव्य रेल्वे स्टेशन 1988 मध्ये बंद झालं आणि तीस वर्षं उघडं पडलं. तांब्याच्या तारा गेल्या, तळघरात पाणी भरलं. 2018 मध्ये फोर्ड कंपनीनं ते विकत घेतलं. बातमी आली आणि एक निनावी फोन आला: स्टेशनचं जुनं घड्याळ माझ्याकडे आहे, घेऊन जा. एका जळक्या इमारतीला टेकवून ठेवलेलं ते घड्याळ खरोखरच सापडलं. 2024 च्या जूनमध्ये स्टेशनची वास्तू लोकांसाठी पुन्हा खुली झाली. पण फोर्डसारखा धनी काही प्रत्येक गावाला मिळत नाही.

आमच्या संकुलाला तर नाहीच. गाळे नगरपालिकेचे. अनामत अशी, की त्या पैशात माणूस गावाबाहेर स्वतःचं दुकान बांधेल. लिलाव पुकारायचा, बोली येत नाही, फाइल बंद. दर कमी करायला अधिकारी घाबरतात. उद्या लेखापरीक्षणात “नुकसान केलं” असा शेरा यायचा. रिकाम्या गाळ्यानं होणाऱ्या नुकसानावर मात्र शेरा येत नाही, कारण ते कुठल्या रकान्यात लिहायचं हेच ठरलेलं नाही.

यंदा एक बदल झाला. कोपऱ्यातला गाळा महिला बचत गटाला अकरा महिन्यांसाठी मिळाला, अनामत नाममात्र. सकाळी थालीपीठ, दुपारी डबे. शटर उघडायला वेल्डिंगवाला बोलवावा लागला. आत पुठ्ठ्याचे खोके, मांजरीची तीन पिल्लं आणि भिंतीतून आत आलेलं पिंपळाचं एक मूळ, मनगटाएवढं. बायकांनी त्याला ओला फडका वाळत घातलाय. ते मूळ कापायचं काम बांधकाम खात्याचं की उद्यान खात्याचं, यावर पत्रव्यवहार चालू आहे.

नमस्कार.