खर्जावर उभे असलेले गाणे

श्रोतेहो, नमस्कार.

आपण हे भाषण हातातल्या फोनवर किंवा घरातल्या लहानशा रेडिओवर ऐकत असाल, तर मी आज ज्या वाद्याविषयी बोलणार आहे त्याचा अगदी खालचा स्वर आपल्यापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. लहान स्पीकरला तो स्वर पेलत नाही, आणि वरच्या सुरांवरून आपला मेंदूच त्याची ओळख पटवून घेतो. रॉक संगीतातल्या बहुतेक बेसवादकांच्या वाट्याला असेच आयुष्य येते. त्यांच्या आधारावर गाणे उभे राहते, पण श्रोत्याचा कान गिटारकडे असतो. कॅलिफोर्नियाच्या अल सिस्नेरोस यांनी मात्र गाण्याचा सारा भार या खर्जावरच टाकला.

1990 च्या सुमारास सॅन होजे शहरात 'स्लीप' हा त्यांचा बँड उभा राहिला. गिटारवर मॅट पाइक, ड्रमवर ख्रिस हॅकियस, आणि बेस व गायन सिस्नेरोस यांचे. सुरुवातीला चौथा एक वादकही होता. तो पुढे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात संन्यासी झाला. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या संथ, जड चालीवर पोसलेली ही मुले तारा नेहमीपेक्षा ढिल्या सोडून एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, कितीतरी वेळ घोळवत. लंडन रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने करार केला, तेव्हा त्यांनी तिच्या हाती तासाभराहून लांब असे एकच गाणे ठेवले. कंपनीने ते तसे काढायला नकार दिला, आणि या ओढाताणीत बँड मोडला. संपूर्ण गाणे 2003 साली 'डोपस्मोकर' या नावाने बाहेर आले. आज अशा संथ, जड रॉक संगीतात त्याला मानाचे स्थान आहे.

सिस्नेरोस मधली काही वर्षे संगीतापासून दूर राहिले. परतले ते हॅकियस यांना घेऊन, आणि या नव्या बँडचे नाव होते 'ओम'. त्यात गिटारच नव्हती. फक्त बेस, ड्रम आणि मंत्र पुटपुटल्यासारखे गायन. मला हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी वाटतो, कारण आता खर्जाला लपायला जागा उरली नाही. लक्ष देऊन ऐकले तर तारेवरचा आघात आधी कळतो, मग धातूची किंचित खरखर, आणि स्वर विरू लागतो न लागतो तोच पुन्हा तोच स्वर.

2009 साली स्लीप पुन्हा रंगमंचावर आला, आणि त्याच वर्षी ओमच्या अल्बममध्ये तंबोरा वाजला. परदेशी रॉकमध्ये आपली वाद्ये पुष्कळदा नक्षीपुरती येतात, हे मान्य करूनही सांगतो की इथे तसे झालेले नाही. ज्या घरात मिरजेचा तंबोरा जुळवला जातो, तिथल्या माणसाला एका स्वरावर बसून राहणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सिस्नेरोस तिथे आपल्या वाटेने आधीच पोहोचले होते. 2012 च्या अल्बमला त्यांनी 'अद्वैतिक साँग्ज' हे नाव दिले.

2009 च्या त्या अल्बममधली पहिली, सुमारे 19 मिनिटांची रचना तंबोऱ्यानेच सुरू होते. ती मोठ्या स्पीकरवर लावा, आणि बेस आत आला की स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवा. कानाला जो स्वर निसटतो, तो तिथे हाताला लागतो.