आराखडा मोडल्यावर काय शिकवले जाते? बेळगावातील प्रकल्प व्यवस्थापनाचे अध्यापन

बेळगाव शहरातून खानापूर रस्त्याने बाहेर पडले की उद्यमबाग लागते. ओतकामाच्या भट्ट्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग बनवणारे कारखाने आणि त्यांच्या शेजारीच अभियांत्रिकी महाविद्यालये, अशी ही वसाहत आहे. याच रस्त्यावर थोडे पुढे, मच्छे येथे, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. ज्या अभियंत्याचे नाव या विद्यापीठाला दिले आहे, ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले होते आणि त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसवले गेले. शहराच्या दुसऱ्या बाजूला, पुणे-बंगळूर महामार्गावर भूतरामनहट्टी येथे, २०१० मध्ये स्थापन झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून मराठी शाळांत शिकून आलेली मुले येथे अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाची पदवी घेतात, आणि त्या वाटेवर त्यांना प्रकल्प व्यवस्थापन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत आणि खर्चात काम तडीस नेण्याचे नियोजन, हा विषय भेटतो. तो उत्तम शिकवणारा शिक्षक कसा ओळखावा आणि त्याचा येथेच पुरस्काराने गौरव कसा करावा, याचा शोध आपण येथे घेणार आहोत.

विषयाची साधने जुनी आहेत. कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे दाखवणारे हेन्री गँट यांचे पट्ट्यांचे तक्ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. क्रिटिकल पाथची, म्हणजे जिच्यात उशीर झाला की सारा प्रकल्प लांबतो ती कामांची साखळी शोधण्याची, पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत आकाराला आली, आणि कामांना लागणाऱ्या अनिश्चित वेळेचा अंदाज बांधणारी पर्ट ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी तयार झाली. यांतील आकडेमोड फळ्यावर सोडवून दाखवणे अवघड नाही आणि परीक्षेत ती विचारणे तर फारच सोयीचे. म्हणूनच बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपतो.

उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, पंपाच्या केसिंगची (बाहेरच्या कवचाची) नवी ऑर्डर मिळाली आहे, असे समजू. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना, तयार व्हायला बारा दिवस लागतात. कच्चे लोखंड आणि इतर माल यायला आठ दिवस लागतात. दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू होतात आणि दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय पहिले ओतकाम करता येत नाही. माल चार दिवस उशिरा आला तरी ऑर्डरला धक्का लागत नाही, पण पॅटर्न एक दिवस लांबला की फेटलिंग (ओतलेल्या भागाची साफसफाई), मशिनिंग, तपासणी आणि पाठवणी हे सारे एक दिवस पुढे जाते. एवढे गणित विद्यार्थ्याला जमले म्हणजे तो उत्तीर्ण होतो. चांगला शिक्षक मात्र पुढचा प्रश्न विचारतो: पॅटर्न बनवणारा कारागीर एकच आहे, त्याच्याकडे दुसऱ्या कारखान्याचेही काम आहे आणि तो उशीर होणार असल्याचे शेवटच्या दिवसापर्यंत सांगत नाही, मग चौकशी कितव्या दिवशी करायची, ती कोणी करायची आणि ग्राहकाला काय कळवायचे? या प्रश्नाला सूत्र नाही. तो वर्गात आणण्यासाठी शिक्षकाला फाउंड्रीत जाऊन उभे राहावे लागते, मालकाशी आणि कारागिराशी मराठीत व कन्नडमध्ये बोलावे लागते, आणि तेच सारे इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत बसवून मुलांपुढे ठेवावे लागते. माझ्या मते, या विषयातील अध्यापनाचे खरे कसब येथे आहे.

हे कसब आपल्या मूल्यमापनात कितपत दिसते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापनाचे मोजमाप मुख्यतः नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले यावर बेतलेले आहे: ८० टक्के किंवा अधिक तास घेतले की शेरा चांगला, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान समाधानकारक. संशोधनासाठी मात्र प्रत्येक शोधनिबंधाला, पुस्तकाला वेगळे गुण आहेत. तास घेणे आवश्यकच आहे, पण तासात काय घडले याची नोंद या टक्केवारीत कुठेही उमटत नाही. अभियांत्रिकीच्या पदवीधराला काय यावे, याची एनबीएने, म्हणजे अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने, घातलेली जी बारा मुद्द्यांची यादी महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे वापरली, तिच्यात अकरावा मुद्दा प्रकल्प व्यवस्थापन आणि अर्थकारण हा आहे. म्हणजे विषयाचे महत्त्व मान्य आहे. तो शिकवण्याच्या गुणवत्तेची पारख तेवढी राहून गेली आहे.

पारख करता येतच नाही, असे नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पुरस्कारांत लिन स्टकनब्रक यांच्या नावाचा एक पुरस्कार आहे, तो पदवी देणाऱ्या संस्थांमध्ये हा विषय उत्कृष्टपणे शिकवणाऱ्यांसाठीच आहे. आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांत २०२३ पासून उच्च शिक्षणातील अध्यापकांचाही समावेश झाला. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण देशपातळीवरची निवड बेळगावातील एका वर्गखोलीपर्यंत क्वचितच पोहोचते, त्यामुळे पहिली पारख येथेच, एका स्थानिक पुरस्काराच्या रूपाने, व्हायला हवी.

ती करताना निकालाची टक्केवारी बाजूला ठेवून विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या वह्या उघडाव्यात. पहिला आराखडा सगळ्यांचाच देखणा असतो. पाहायचा असतो तो दुसरा आणि तिसरा: सुटा भाग वेळेवर आला नाही, गटातील एकाने काम अर्धवट टाकले, मार्गदर्शकाने व्याप्ती बदलली, तेव्हा मुलांनी काय वगळले, कशाला मुदत वाढवून घेतली आणि त्याचे कारण कोठे लिहून ठेवले? ज्या वर्गात आराखडे शेवटपर्यंत जसेच्या तसे राहतात, तेथे ते बहुधा शेवटच्या आठवड्यात लिहिलेले असतात, आणि कधी कधी प्रकल्पच बाजारातून तयार आणलेला असतो. असा प्रकल्प स्वीकारायला नकार देणाऱ्या शिक्षकाला त्रास होतो, आणि त्याची ही भूमिका कोणत्याही तक्त्यात धरली जात नाही.

याच मुलांपैकी अनेकजण आपल्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळात काम करतात. तेथे प्रतिष्ठापनेचा दिवस पंचांगाने ठरलेला असतो. वर्गणी कमी पडली किंवा मंडपाची परवानगी लांबली तरी तारीख हलत नाही, देखावा लहान करावा लागतो. मुदत अटळ असेल तर व्याप्ती आणि खर्च यांना वाकावे लागते, हे तत्त्व मुलांनी आधीच अनुभवलेले असते. ते ओळखून त्यावर तासाची उभारणी करणारा शिक्षक मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याचा इंग्रजीमुळे खचलेला आत्मविश्वासही परत आणतो.

म्हणून या स्थानिक पुरस्काराच्या निवड समितीत केवळ प्राध्यापक नसावेत. ज्यांनी या मुलांना कामावर घेतले आहे, अशा उद्यमबाग आणि मच्छे येथील उद्योजकांना, तसेच दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना तीत स्थान हवे. समितीने किमान एक तास वर्गात आणि एक भेट कारखान्यात शिक्षकाबरोबर घालवावी. पुरस्कार म्हणून शाल आणि श्रीफळ आदराने द्यावे, पण त्यासोबत एका सत्राचा अध्यापनाचा भार निम्मा करावा, म्हणजे त्या शिक्षकाला फाउंड्रीतील, शेतीमालाच्या वाहतुकीतील, बांधकामावरील आपली उदाहरणे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून काढता येतील आणि शेजारच्या महाविद्यालयांतील नव्या शिक्षकांना ती पुढच्याच सत्रात वापरता येतील.