ब्लॉगला किती प्लगइन टाकू? आधी हे एक टाका!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हापुन्हा आलाय, "ताई, ब्लॉगला किती प्लगइन टाकू?" प्लगइन म्हणजे ब्लॉगला नवी सोय जोडणारा तयार प्रोग्रॅम. आकड्यात अडकू नका. एक गचाळ प्लगइन अख्खी साइट झोपवतं आणि नीट लिहिलेली पंधरा सुखाने नांदतात.

मी बोलतेय ते स्वतःच्या होस्टिंगवरच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या, वर्डप्रेसबद्दल (ब्लॉग चालवणारं सॉफ्टवेअर). शोधा, इन्स्टॉल, ॲक्टिव्हेट, हे तुम्हाला येतंच. फक्त आधी प्लगइनच्या पानावर 'लास्ट अपडेटेड'ची तारीख बघा. दोन-दोन वर्षं कुणाचा हात लागला नसेल तर सोडून द्या. आणि विकतचं प्लगइन फुकट वाटणाऱ्या साइटवरून झिप अजिबात उतरवू नका, त्यात काय घुसवलेलं असेल ते आपल्याला दिसत नाही.

आता बॅकअप. आज मला खरं यावरच बोलायचंय.

माझा पहिला ब्लॉग माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचा होता. ती म्हणायची, मी शेजारी बसून टाइप करायचे. 42 पोस्ट झाल्या होत्या. बॅकअप प्लगइन होतं, दर रविवारी बॅकअप निघायचा, हिरवी टिक दिसायची. मग माझं कार्ड एक्स्पायर झालं, होस्टिंगचे पैसे गेले नाहीत, सूचना जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि खातं बंद झालं. सगळे बॅकअप त्याच होस्टिंगवर होते. ब्लॉगबरोबर तेही गेले. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवरून 17 पोस्ट सापडल्या. बाकीच्या ओव्या पुन्हा विचारायला आजी राहिली नव्हती.

म्हणून सांगते, घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावलं तर तिचा उपयोग काय? अपड्राफ्टप्लस हे बॅकअप प्लगइन घ्या, फुकटचं पुरतं. पण सेटिंग्जमध्ये जाऊन रिमोट स्टोरेजला, म्हणजे बॅकअपच्या बाहेरच्या जागेला, गूगल ड्राइव्ह निवडा आणि परवानगी द्या. ते निवडलं नाहीत तर बॅकअप तुमच्याच सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये पडून राहतो. टिक तेव्हाही हिरवीच दिसते!

एकाने लिहिलंय, "ताई, मी फोटोंचं फोल्डर उतरवून ठेवतो, पुरे ना?" नाही पुरत, दादा. वर्डप्रेसमध्ये फोटो 'अपलोड्स'मध्ये असतात, पण तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य डेटाबेसमध्ये असतं. ड्राइव्ह उघडून बॅकअपच्या फाइली बघा: डेटाबेस, प्लगइन्स, थीम्स, अपलोड्स आणि 'अदर्स'. पैकी डेटाबेसची फाइल नसेल तर तुमचं लिखाण सुरक्षित नाही.

बाकीचं भराभर सांगते. स्पॅम कमेंटसाठी अकिस्मेट किंवा अँटीस्पॅम बी. साइटमॅप (सर्च इंजिनसाठी पानांची यादी) आणि फोटोंचं लेझी लोडिंग (स्क्रोल करत जवळ गेल्यावरच फोटो उघडणं) 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे, त्यासाठी वेगळं प्लगइन नको. एसइओचं, म्हणजे ब्लॉग गूगलवर सापडायला मदत करणारं, एकच ठेवा. योस्ट आणि रँक मॅथ दोन्ही चालू ठेवून "ताई, गोंधळ होतोय" म्हणणारे रोज भेटतात. होणारच!

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी अजून एक. "माझी लिंक अर्धवट का दिसते, कुठलं प्लगइन टाकू?" कुठलंच नको. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर वेबपत्त्यात टक्केचिन्हांसकट नऊ चिन्हांचं होतं, काना-वेलांटी वेगळी मोजली जाते, आणि वर्डप्रेस पोस्टच्या स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला, 200 चिन्हांचीच जागा देतं. माझं शीर्षक होतं 'आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी'. पत्ता तुटला तो 'ओव्'वर, शेवटचं 'या'सुद्धा मावलं नाही! शीर्षक मराठीच ठेवा, स्लग तेवढा रोमन लिपीत छोटासा, हाताने लिहा. व्हॉट्सॲपवरची ती टक्क्यांची लांबलचक माळही जाते.

परत बॅकअपकडे येते, कारण "ड्राइव्हवर जातोय हो" एवढ्यावर तुम्ही थांबणार, मला माहितेय. तो परत आणून बघितलाय का? आज रात्री, कमेंट येत नसतात तेव्हा, 'चाचणी' नावाची पोस्ट टाका. बॅकअप घ्या. ड्राइव्हवर पोचला का बघा, एक प्रत कॉम्प्युटरवर उतरवा. मग ती पोस्ट उडवा, ट्रॅशमधूनही. आता अपड्राफ्टप्लसमध्ये रिस्टोअर दाबा आणि फक्त डेटाबेसवर खूण करा. मधल्या वेळात काही नवीन लिहू नका, ते पुसलं जाईल.

'चाचणी' परत दिसली तर खाली नुसतं 'आली' लिहा. नाही दिसली तर स्क्रीनवरचा एरर जसाच्या तसा टाका. या व्हिडिओखालच्या अशा प्रत्येक कमेंटला मी स्वतः उत्तर देणार आहे.