कळ कंबरेत येते तेव्हा

(पडद्यावर: कंबरेवर टेकलेला एक तळहात. चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज.)

"खाली... अजून खाली. हां, तिथंच. दाब ना ताई, जोरात!"

ताईनं अंगाचा भार दिलाय. कोपर सरळ, आणि मनगटाजवळचा तळहाताचा टणक भाग कंबरेखालच्या हाडावर रोवलेला. ती चोळत नाहीये, नुसती दाबून धरतेय. अर्धं मिनिट जातं, पाऊण जातं. मग तळहाताखालची पाठ सैल पडते आणि उशीत खुपसलेल्या तोंडातून एकच शब्द येतो, "गेली."

बाळंतपणाची पुढची कळ यायला तीन-चार मिनिटं आहेत. तेवढ्यात एक गोष्ट बघून घेऊ. बाळ पोटात, मग जीव कंबरेत का जातोय?

(पडद्यावर: मणक्याचं रेखाचित्र.)

गर्भाशयाच्या वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जिथं शिरतात, त्याच पातळीला कंबरेच्या कातडीतल्या नसाही येऊन मिळतात. निरोप नेमका कुठून आला, यात मेंदूची गल्लत होते. म्हणून कळ पोटात उठते आणि कंबरेत जाणवते. काहीजणींच्या बाबतीत तर ती तिथंच मुक्काम ठोकते.

दुसरं कारण बाळाच्या डोक्याचं. बाळाचं डोकं खाली आलं की बहुतेक वेळा तोंड आईच्या पाठीकडे असतं. काही बाळांचं मात्र पोटाकडे असतं. हे बाळ पायाळू नव्हे, डोकं खालीच आहे. फक्त डोक्याची मागची टणक बाजू आईच्या त्रिकास्थीला भिडलेली असते. त्रिकास्थी म्हणजे कण्याच्या शेवटी पाच मणके एकजीव होऊन झालेलं हाड. हाडावर हाड, आणि दर कळेला वरून रेटा.

"तू फार बसून राहिलीस, म्हणून बाळ असं बसलं," असं ऐकवणारं कुणी ना कुणी भेटतंच. अशा माणसाला खोलीबाहेर चहा प्यायला पाठवावं. बहुतेक बाळं कळा चालू असतानाच वळतात. शेवटपर्यंत तशीच राहतात ती शंभरात साधारण पाच. आणि कंबर दुखतेय म्हणजे बाळ असंच बसलंय, हेही खरं नाही. सरळ बसलेल्या बाळाच्या आईचीही कंबर मोडून येते.

(पडद्यावर: ती आता पलंगावर, गुडघे आणि हात टेकून ओणवी.)

उताणं पडून राहिलं की बाळाचा सगळा भार मागच्या हाडावर येतो. असं ओणवं झालं की तोच भार पुढे, पोटाच्या झोळीत जातो. यानं बाळ वळेलच अशी हमी नाही, पण कंबरेला उसंत मिळते. पोटाला बाळाचे ठोके मोजणाऱ्या मशीनचा पट्टा बांधलेला असला, तरी कुशीवर वळता येईल का, उभं राहता येईल का, हे सिस्टरांना विचारायला काही हरकत नाही.

सोबतीला दोन हात मोकळे असतील तर आणखी एक युक्ती आहे. मागे उभं राहून दोन्ही कुल्ह्यांवर तळवे ठेवायचे आणि कळ चढताना एकमेकांकडे दाबत, किंचित वर रेटायचं. किती जोरानं, ते तिनं सांगायचं. पहिल्यांदा करणारा माणूस हमखास घाबरत घाबरत दाबतो.

गरम पाण्याची पिशवीही कामी येते, टॉवेलात गुंडाळलेली. एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ते कंबरेखालचं अंग बधिर करणारं औषध, दिलेलं असेल तर मात्र ती नको. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

दाबल्यानं दुखणं कमी का वाटतं, याचं एक उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं. मेरुरज्जूत, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या नसांच्या जाड दोरीत, जणू एक फाटक आहे, आणि स्पर्शाचा, दाबाचा निरोप पोचला की वेदनेसाठी ते फाटक अर्धवट मिटतं. पुढे या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. ठेच लागली की आपण अंगठा गच्च धरतो, ते मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून.

(पडद्यावर: पाठीच्या खालच्या भागातल्या दोन खळ्या. भोवती पेनानं चार ठिपके.)

हा उपाय फारसा ठाऊक नसतो. या चार ठिपक्यांवर, कातडीच्या आतच, निर्जंतुक पाण्याचा जेमतेम ०.१ मिलिलिटरचा एकेक थेंब टोचतात. औषध काहीच नाही, नुसतं पाणी. गांधीलमाशी डसावी तसं अर्धा मिनिट चरचरतं आणि मग अनेकींची कंबर तास-दोन तास हलकी होते. सगळीकडे हे करत नाहीत, पण विचारून ठेवावं.

एवढं करूनही भागलं नाही, तर एपिड्युरल आहेच. वेदना थांबवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत मालीश आणि गरम शेक आहे, तसं एपिड्युरलही आहे. कोणतं घ्यायचं, ते जिची कंबर दुखतेय तिनं ठरवायचं.

एक फरक मात्र सोबतीनं डोक्यात पक्का ठेवायचा. कळ येते आणि ओसरते. दुखणं ओसरतच नसेल, पोट दगडासारखं कडक राहिलं असेल, रक्त जात असेल, तर दाबत बसायचं नाही. त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारायची. आणि सदतीस आठवडे भरायच्या आत कंबर ठरावीक अंतरानं दुखायला लागली, तर "वजनामुळे असेल" म्हणून रात्र काढायची नाही. दवाखाना गाठायचा.

(पडद्यावर: पुन्हा तोच तळहात.)

"ताई..."

ताईचं मनगट केव्हाचं भरून आलंय. ती गुपचूप हात बदलते.

"हा डावा आहे ना? थोडा खाली घे."