रोल संपवायला काढलेले फोटो

(अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या आमच्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात, सभासदांच्या घरच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनानिमित्त केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

बाहेर एवढा बर्फ असताना आज इतके जण आलात, आणि येताना आपापल्या घरचे फोटो जपून घेऊन आलात, याचा मला फार आनंद झालाय. सकाळपासून मी त्या भिंतीपाशीच आहे. मुंजीचे फोटो आहेत, लग्नातले आहेत, बोरन्हाणाचे आहेत, स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्यासमोर अवघडून बसलेली नवी जोडपी आहेत. सगळेच छान आहेत. पण लोक जास्त वेळ कुठे थांबतायत ते मी बघत होते. एका फोटोत भिंतीला टेकवलेली नुसती सायकल आहे. एकात ओसरीसमोर वाळत घातलेले पापड, आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसलेला उघडाबंब मुलगा. गर्दी तिथे होती. ‘अरे, आमच्याकडे अशीच सायकल होती,’ ‘आमच्याकडे हे काम माझ्याकडे असायचं,’ अशी बोलणी तिथेच चालू होती.

हे दोन्ही फोटो बहुतेक रोल संपवायला काढलेले असणार. आज मला त्यांच्याविषयीच बोलायचंय.

तरुण मंडळींसाठी थोडं सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, मिरजेला रेल्वेत होते. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. भारतातच बनायचा. आमच्यासारख्या घरांत कॅमेरा असलाच तर बहुधा तोच असे. त्यात १२० नंबरचा फिल्मचा रोल बसायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. पाठीमागे लाल काचेची बारकी खिडकी होती, चावी फिरवली की तिच्यात पुढचा आकडा सरकत यायचा. ऊन आणि ढग, अशा दोन खुणा. बाकी काही जुळवायचं नाही. रोल कधी पूर्व जर्मनीचा ओर्वो मिळायचा, कधी आपला इंदू, म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा.

रोल महाग, धुणावळ त्याहून महाग. त्यामुळे फोटो काढायचे ते प्रसंगाचे. गणपतीत दोन, दिवाळीत पाहुणे आले की तीन, कुणाचं बारसं असेल तर आणखी दोन. आणि अर्धा झालेला रोल धुवायला देता येत नसे. तो महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात पडून असायचा. मग एखाद्या रविवारी, चहा झाल्यावर, अप्पा कॅमेरा हातात घेऊन म्हणायचे, “दोन राहिलेत. संपवून टाकू या.”

ते दोन कशाचेही असायचे. कारण ते मोजायचेच नव्हते. दारातली तुळस, गल्लीतलं कुत्रं, पेपर वाचणारे शेजारचे काका, परकर खोचून सागरगोटे खेळणाऱ्या आम्ही बहिणी. कुणी केस विंचरलेले नसायचे, कुणी नवे कपडे घातलेले नसायचे. अल्बममध्ये त्यांना जागा मिळायची ती शेवटच्या पानावर, नाहीतर पाकिटातच राहायचे.

अप्पा गेल्यानंतर ते पाकीट माझ्याकडे आलं. त्यातला एक फोटो मी आज आणलाय, मोठा करून. डाव्या भिंतीवर, खिडकीशेजारी आहे. वाड्याच्या मागच्या दारात आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलीय. तिने मान वर केलेली नाही. तिच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं तांदळात आहेत आणि खडे बाजूला काढायला जमिनीवर वाटीऐवजी डब्याचं झाकण उपडं घेतलंय. मागे तांब्याचा बंब, त्याच्याशेजारी भिंतीला लावून रचलेल्या शेणी. दोरीवर नऊवारी वाळतंय, ते आजीचं. फोटोच्या कडेला कुणाचं तरी नुसतं कोपर आलंय, त्यात हिरव्या काचेच्या बांगड्या. फोटो काळा-पांढरा आहे, पण त्या हिरव्याच होत्या हे मला माहीत आहे, कारण ते कोपर आत्याचं आहे आणि आत्या दुसऱ्या रंगाच्या घालायचीच नाही.

हे सगळं त्या कॅमेऱ्याने आपोआप टिपलं, त्याला एक कारण आहे. क्लिक थ्रीने जवळून फोटो येत नसे, चांगलं लांब उभं राहावं लागे. त्यामुळे माणूस लहान आणि आजूबाजूचं जग भरपूर यायचं. शिवाय निगेटिव्ह सहा सेंटीमीटर चौरस, आजच्या मानाने केवढी तरी मोठी. ती नीट स्कॅन केली की बंबाच्या तोटीला बांधलेली चिंधीसुद्धा दिसते.

पण त्याच कॅमेऱ्यामुळे काय राहिलं, तेही सांगते. त्याला ऊन लागायचं. घरात फ्लॅशशिवाय फोटो येत नसे आणि फ्लॅश आमच्याकडे नव्हता. म्हणून सगळ्यांना अंगणात बोलवायचं, उन्हाकडे तोंड करून उभं करायचं. आमच्या घरातल्या बायकांचं अर्धं आयुष्य ज्या स्वयंपाकघरात गेलं, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. चूल कुठल्या भिंतीला होती, मांडणीवर पितळेचे डबे कसे लावलेले असायचे, फळीवर लोणच्याच्या बरण्यांना दादरे कसे बांधलेले असायचे, हे आता फक्त आम्हा बहिणींच्या डोळ्यांपुढे आहे. आणि त्यातही चुलीच्या जागेवरून आमचं एकमत होत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल. घरी गेल्यावर अल्बम काढून बघा, आजीच्या स्वयंपाकघराचा फोटो सापडतो का.

हे मी रॉचेस्टरमध्ये, म्हणजे कॅमेरे आणि फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या गावात उभं राहून बोलतेय, हे मला विशेष वाटतं. आपल्यातल्या काहींनी कोडॅकमध्ये नोकऱ्या केल्या, त्यांना मी नवं काय सांगणार? पण मुलांसाठी सांगते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये इथून जो पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा. किंमत २५ डॉलर, म्हणजे तेव्हा चांगलीच. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलर भरले की फोटो छापून आणि नवा रोल भरून कॅमेरा परत. ते फोटो गोल असायचे, अडीच इंचांचे. ईस्ट अव्हेन्यूवरच्या ईस्टमन यांच्या घरी आता जे संग्रहालय आहे, तिथे जाऊन त्या काळातले फोटो जरूर बघा. त्यांच्या आधीच्या स्टुडिओतल्या फोटोंत माणसं श्वास रोखून बसलेली दिसतात. गोल फोटोंत मुलं पाण्यात खेळतायत, कुत्री पळतायत, कुणीतरी अंगणात खुर्ची टाकून बसलंय. शंभर फोटो हाताशी आल्यावर लोकांनी काय केलं? साधे दिवस टिपायला सुरुवात केली. पुढे १९०० मध्ये ब्राउनी आला, अवघ्या एक डॉलरला, आणि मुलांच्याही हातात कॅमेरा गेला.

पहिला डिजिटल कॅमेराही याच कंपनीत तयार झाला, १९७५ मध्ये, स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरच्या हातून. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आता तुमच्या खिशातल्या फोनला रोलच नाही. आणि रोल नाही म्हणून रोल संपवणंही नाही. हे मला मनापासून खटकतं. फोटो हजारो निघतात, पण बघा कशाचे निघतात: वाढदिवसाचा केक, ट्रिप, हॉटेलातली ताटं, साडी नेसून तयार झालेल्या आपण. पुन्हा प्रसंगच. मोजून बारा फोटो होते तेव्हा नाइलाजाने का होईना, शेवटचे दोन साध्या दिवसाच्या वाट्याला जायचे. आता ते ठरवून काढावे लागतील.

साध्या दिवसाच्या फोटोची किंमत मला पहिल्यांदा कळली ती आईच्या एका पत्राने. आम्ही नवे नवे इथे आलो होतो तेव्हाची गोष्ट. फोटो धुवायला दिले की दुकानातून दोन-दोन प्रती घ्यायच्या आणि एक संच एअरमेलने मिरजेला पाठवायचा, हा शिरस्ता होता. एकदा नायगऱ्याचे भरपूर फोटो पाठवले. रेनकोट घालून धबधब्यासमोर आम्ही दोघं, वगैरे. छत्तीसच्या रोलमध्ये एक शिल्लक होता, तो यांनी घरी येऊन स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटताना काढला. आईचं उत्तर आलं. नायगऱ्याबद्दल एकच ओळ, “धबधबा मोठा आहे.” आणि मग दीड पान त्या एका फोटोवर. ओट्यापाशी खिडकी आहे ते बघून बरं वाटलं, भांडी घासताना बाहेर काय दिसतं? शेगडीला ज्वाळा दिसत नाही, मग फुलका कसा फुगवतेस? पोळपाट फ्रीजवर उभा ठेवलेला दिसतो, तो ओला ठेवू नकोस, तडकेल. बारीक झालीस.

लेक साता समुद्रापलीकडे कशी राहते, हे तिला त्या शिल्लक फोटोतून समजलं होतं. त्यानंतर मी दर पाकिटात तसा एखादा घालत गेले. बसस्टॉप, लाँड्रीची खोली, बर्फातून काढलेली वाट, मिसळणाच्या डब्यासाठी सापडलेला स्टीलचा डबा. तिने ते सगळे जपून ठेवले होते, प्रत्येकाच्या मागे तारीख घालून.

तोच नाद मला लागला आणि अजून आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मी कॅमेरा घेऊन आलेय, तुम्ही मला स्वयंपाकघरापर्यंतच काय, कपाटापर्यंत जाऊ दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. गेली काही वर्षं मी आपल्याकडच्या देवघरांचे फोटो काढतेय. इथल्या घरांत बांधताना देवघराचा विचार झालेला नसतो, मग प्रत्येक घराने आपली जागा शोधलेली असते. कुठे पॅन्ट्रीत, डाळींच्या डब्यांच्या वरच्या फळीवर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बसलेत. कुठे पुस्तकांच्या कपाटात एक कप्पा रिकामा केलाय. एका घरी कोटांच्या कपाटात देव आहेत, दार उघडलं की आधी उदबत्तीचा आणि मग लोकरीचा वास येतो. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून उदबत्ती लावल्यावर ती खिडकीकडे धरून उभ्या राहणाऱ्या एका काकूंचा फोटो माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी आहे. त्या फोटोसाठी त्यांना साडी नेसायची होती. मी त्यांना स्वेटरमध्येच राहू द्या म्हणून विनवलं, आणि त्यांनी ऐकलं. पुढे त्यांच्या नातवंडांनी तोच फोटो मागून घेतला.

आता थोडं कामाचं बोलते.

भारतात जाणार असाल तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांजवळ जुने फोटो घेऊन बसा. हे कोण, हे कुठलं घर, हे विचारा आणि फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवून द्या. आजी नावं सांगते आणि नावांच्या मागून गोष्टी येतात. फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यांतले फोटो वाचवायला हवेत, तो गोंद वर्षानुवर्षं फोटोला खातो. ओढून काढू नका. फोटोखालून दातांचा साधा, बिनवासाचा फ्लॉस हळूहळू सरकवला तर पुष्कळदा सुटतो. नाहीच सुटला तर पानासकट त्याचा फोटो काढून ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच, काचेतूनच काढा. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आधी हाती घ्या. ते लालसर पडत चाललेत, कारण त्यांतला निळा-हिरवा रंग अल्बमच्या अंधारातसुद्धा उडतो. आजोबांचे काळे-पांढरे फोटो रंगांऐवजी चांदीच्या बारीक कणांनी बनलेले आहेत, ते बहुधा थोडी वाट बघतील. निगेटिव्ह असतील तर कचऱ्यात टाकू नका. कोकणातल्या घरातून आणलेल्या असतील तर बुरशी बघा आणि कोरड्या जागी ठेवा. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला म्हणजे फोटो सुरक्षित झाला, असं समजू नका. तिथे तो बारीक होऊन येतो, आणि कधी काढला ही त्याच्यातली नोंद गळून जाते. मूळ फाइल मागून घ्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

मुलांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. आई-बाबा रोज जे करतात त्याचा फोटो काढा. बाबा गाडीवरचा बर्फ खरवडताना, आई फोनवर आजीशी बोलत भाजी निवडताना. त्यांना सांगू नका, उभं करू नका. आणि लांबून काढा, म्हणजे खोली येईल.

शेवटचं. दाराजवळच्या पाटीवर, सांगलीच्या गणपती मंदिरासमोर काढलेला एक फोटो लावलाय. पाच मुली आहेत, चौघींची नावं आपल्याला मिळाली आहेत. उजवीकडची, दोन वेण्या घातलेली, कोण ते कळलेलं नाही. सांगली-मिरजेकडची बरीच मंडळी आज इथे आहात. जेवायला जाण्याआधी तो एकदा नीट बघा. पेन्सिली खालच्या टेबलावर ठेवल्या आहेत. नाव नक्की माहीत असेल तरच लिहा, नुसता अंदाज असेल तर मला येऊन सांगा.