लेख पटतो कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

लेख वाचून झाला की आपण म्हणतो, "पटलं बुवा!" पटलं ते ठीक. पण कशामुळे पटलं? लिहिणाऱ्याने मुद्दे नीट मांडले म्हणून, आपलं मन हेलावलं म्हणून, की लिहिणारा माणूस भरवशाचा वाटला म्हणून? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पटवण्याच्या याच तीन वाटा सांगितल्या. पत, भावना आणि युक्तिवाद. पुन्हा सांगतो: पत, भावना, युक्तिवाद.

आपल्या कोकणाला ही विद्या नवी नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा 'केसरी'तला ६ जुलै १८९७चा अग्रलेख तुम्हाला ठाऊकच असेल: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पुण्यात प्लेगने माणसं होरपळलेली, २२ जूनला प्लेगवर नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडलेली, सरकार शहरावर खवळलेलं. अशा वेळी टिळकांनी मथळ्यात विधान केलं नाही, प्रश्न विचारला. उत्तर वाचकाने स्वतः दिलं, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहजी सोडत नाही. महाडला जन्मलेल्या शिवराम महादेव परांजप्यांची तऱ्हा वेगळी. १८९८ साली निघालेल्या त्यांच्या 'काळ'मध्ये वरून स्तुती असायची आणि आत वार. शाळेत शिकलेली व्याजस्तुती त्यांनी राज्यकर्त्यांवर चालवली.

आता मला एक प्रसंग सांगायचाय. जिथे जातो तिथे मी तो सांगतो.

मालवणजवळच्या एका वाचनालयात निबंध वाचनाची स्पर्धा होती. मे महिन्याची संध्याकाळ. एक कॉलेजचा मुलगा उभा राहिला. विषय होता पावसाळ्यातली मासेमारीबंदी पाळलीच पाहिजे. निबंध सुंदर होता. सुरुवातीला समुद्र ही आपली आई, मग विणीचा हंगाम, मग आकडे, आणि शेवटी "मच्छीमार बांधवांनो, जागे व्हा!" टाळ्या पडल्या. (हात उंचावून ओरडलं की गुण देणारे परीक्षक मला कधीच आवडले नाहीत. वाचताना आवाज खाली असला तर शब्द कानात बसतो.)

मागच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. बंदरावर मासळी विकणाऱ्या, नातीला न्यायला आलेल्या. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "झिला, ह्यां तू कोणाक सांगतंस?"

मुलगा गडबडला. "मावशी, मच्छीमारांना."

"आमका ठावक असा. आमची होडी वर काढून झाली, झापांनी शाकारून झाली. जूनात सुरमय मागतत, तेंका सांग. आणि दोन म्हयने आमच्या घरात काय शिजता, तां खंय असा ह्येच्यात?"

वाचनालयात कोणी बोलेना. मुलाने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि मावशींना विचारलं, "तुमच्याकडे येऊ का?" मला त्या मुलाचं फार कौतुक वाटतं. पुढचे काही दिवस तो त्यांच्या पडवीत जाऊन बसला. एप्रिल-मेमध्ये बांगडे खारवायचे, बोंबील आणि जवळा वाळवायचा, पावसात तेच विकायचं आणि तेच खायचं. व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, ती हंगामात फेडायची. १ जूनपासून बंदी असते ती यांत्रिक नौकांना, बिगरयांत्रिक होडीला नाही. हेही त्याला तिथेच कळलं. (सुकटीचा वास येतो म्हणून सोसायटीत तक्रार करणारी माणसं आता आपल्या गावांतही झाली आहेत. मला हे मुळीच मान्य नाही. सुकट हे आपलं पावसाळ्यातलं अन्न आहे.)

मग त्याने निबंध नव्याने लिहिला. "समुद्र ही आपली आई" गेलं, "जागे व्हा" गेलं. आता तो बोलत होता मासे खाणाऱ्यांशी, म्हणजे तुमच्या-माझ्याशी. ताटात गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, आली की आपण खूश होतो, ती गाबोळी म्हणजे पुढच्या हंगामाची मासळी, इथून सुरुवात. दुसऱ्याच परिच्छेदात मावशींचा प्रश्न जसाच्या तसा, मालवणीतच: दोन म्हयने आमच्या घरात काय शिजता? त्याचं उत्तर त्याने टाळलं नाही. बंदी पाळणाऱ्याच्या घरात ओढाताण होते, हे त्याने आधी कबूल केलं, मग बंदी का हवी ते सांगितलं. आणि शेवटी वाचकाकडे मागितलं काय? एवढंच, की दोन महिने मोठी मासळी मागू नका, बंदरावरच्या बायकांकडून सुकी घ्या.

त्याने हा निबंध पुन्हा वाचून दाखवला तेव्हा मावशी पुढच्या बाकावर होत्या. म्हणाल्या, "आता बरोबर. पण खाऱ्या बांगड्याचो भाव लिवलंस नाय." त्याने तिथेच पेन काढून भाव लिहिला.

तर श्रोतेहो, पत, भावना, युक्तिवाद. मुलाची पत कशाने वाढली? पडवीत बसून ऐकल्याने. भावना कुठून आली? गाबोळीतून, रोजच्या ताटातून. आणि युक्तिवाद बळकट झाला तो समोरच्याचा आक्षेप आधी मांडल्यामुळे. म्हणून कुठलाही लेख हातात आला की पहिला प्रश्न मावशींचाच विचारा: हे कोणाला सांगतंय? आणि दुसरा: ज्याला हे पटणार नाही, त्याचं म्हणणं यात आहे का?

दहावीच्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, तयार निबंधांची पुस्तकं मिटून ठेवा. त्यांतला एकही निबंध कोणा एका माणसाशी बोलत नाही.

या रविवारी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या आणि घरात मोठ्याने वाचा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा पेन्सिल घ्या, आणि जिथे विरोधी बाजूचं म्हणणं आलंय तिथे समासात फुली मारा. एकही फुली पडली नाही, तर ते म्हणणं काय असेल ते लेखाखाली तुम्हीच एका ओळीत लिहा, आणि मग लेख तिसऱ्यांदा वाचा.

नमस्कार.