'असेल तीसेक मीटर'

मंडळी, नांगर पडला की बोटीच्या मागच्या बाजूने एकच प्रश्न ओरडून विचारला जातो, "साखळी किती सोडली?" आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला माणूस उत्तर देतो, "असेल तीसेक मीटर." आज बोलायचं आहे ते या 'असेल'बद्दल.

आधी किती हवी ते पाहू. साखळी असेल तर खोलीच्या पाचपट, दोरी असेल तर सातपट, हा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो. गोची आहे ती 'खोली' या शब्दात. ओहोटीला तुमचं खोली मोजायचं यंत्र 4 मीटर दाखवतं, तुम्ही 20 मीटर साखळी सोडून निवांत झोपता. भरतीला पाणी 3 मीटर चढतं. शिवाय साखळी पाण्याच्या पातळीपासून सुरू होत नाही, ती नाळेवरच्या रोलरवरून उतरते. तो समजा दीड मीटर वर आहे. म्हणजे हिशोबाची खोली झाली साडेआठ मीटर, आणि तुमचे 20 मीटर तिच्या अडीचपटही भरत नाहीत. साखळीची ओढ जितकी उभी, तितका नांगराचा दांडा वर उचलला जातो आणि नांगर गाळातून सुटतो. पाचपट हवी तर साडेबेचाळीस मीटर लागतात.

आता ते मोजायचे कसे? विंडलासला, म्हणजे साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राला, जोडलेला काउंटर साखळी मोजतच नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. साखळीच्या चाकात एक लोहचुंबक बसवलेलं असतं; ते सेन्सरसमोरून गेलं की एक फेरा. चाकाला 6 खाचा असतील, तर प्रत्येक खाचेत एक कडी आडवी बसते आणि तिच्या पुढची उभी राहते, म्हणजे एका फेऱ्यात 12 कड्या. एका कडीची आतली लांबी 30 मिलिमीटर असेल तर एक फेरा म्हणजे 36 सेंटिमीटर. गणित स्वच्छ आहे. पण साखळी चाकावरून उसळून घसरली की फेरे आणि मीटर यांची फारकत होते. क्लच सैल करून नांगर झपाट्याने सोडला, तर काही काउंटरांना साखळी बाहेर चालली आहे हेच कळत नाही. एकदा रात्री माझ्या काउंटरवर 40 होते. रंगाच्या खुणा पाहिल्या तर 25! आधीच्या वेळी साखळी वर घेतल्यावर मी आकडा शून्यावर आणलाच नव्हता. यंत्र बिचारं खरंच सांगत होतं, फक्त कुठून मोजायचं ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं मत थोडं जुनाट आहे: खूण साखळीवरच हवी. मोठ्या जहाजांवर साखळी 'शॅकल'मध्ये मोजतात. एक शॅकल म्हणजे 15 वाव, सुमारे साडेसत्तावीस मीटर. एक शॅकल पुढच्या शॅकलला जिथे जोडतात, त्यातल्या तिसऱ्या जोडाच्या दोन्ही बाजूंची तिसरी कडी पांढरी रंगवायची आणि तिच्या मधल्या आडव्या दांडीला तार गुंडाळायची, अशी तिथली पद्धत. रंग उडाला तरी तार हाताला लागते. ही तार मला फार शहाणपणाची वाटते.

लहान बोटीवर साखळी सरळ पसरून टेपने मोजा आणि दर 10 मीटरला हातभर लांबीचा रंग द्या. रंगांचा क्रम कुणी ठरवून दिलेला नाही. तुमचा तुम्ही ठरवा आणि विंडलासजवळ लिहून ठेवा, कारण पहाटे तीन वाजता निळा म्हणजे 20 की 30, हे कुणालाच आठवत नाही. रंगाबरोबर प्लॅस्टिकचे केबल टाय बांधा: 10 ला एक, 20 ला दोन. त्यांची शेपटं थोडी ठेवा, अंधारात बोटांनी मोजता येतात. ते तुटतात, तेव्हा दर हंगामाला नवे बांधायचे. रंगही वाळू आणि चाक मिळून खातातच.

शेवटचे 5 मीटर मात्र मी सलग लाल रंगवतो. लाल दिसलं की हात थांबतो. आणि साखळीचं आतलं टोक बोटीला लोखंडी शॅकलने (इथे शॅकल म्हणजे जोडायची कडी, लांबीचं माप नव्हे) नाही, जाड दोरीने बांधा. दोरी इतकी लांब हवी की तिचा साखळीच्या गाठीजवळचा भाग डेकवर येईल. दुसरी बोट अंगावर येत असेल आणि नांगर उचलायला वेळ नसेल, तर ही दोरी सुरीने कापता येते.